आधी पेन्सिल, मग माईक: कोकणातल्या आपत्तीसाठी हॅम रेडिओचे स्वयंसेवक तयार करताना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यातले मोबाईल मुके झाले. पुढे कित्येक दिवस लोक फोन डोक्यावर धरून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, फिरत होते, एखादी काडी रेंज मिळते का बघत. मुंबईतल्या पोरांना इथले आईबाप जिवंत आहेत की नाहीत हे कळायला तीन-चार दिवस लागले. तेव्हा मी हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओ सेटवर बोलणारा, नव्हतो. त्या पावसाळ्यानंतर झालो, आणि मग गावातल्या सात-आठ जणांना तयार करायला घेतलं.

पहिल्याच सरावात फजिती झाली. शाळेच्या निवाऱ्यातून निरोप निघाला: "आठव्या महिन्याची गरोदर बाई आहे, गाडी पाठवा." मधे एक केंद्र होतं, त्याने तो पुढे सांगितला. तहसीलच्या टोकाला कागदावर उतरलं: "आठ गरोदर बाया आहेत, गाड्या पाठवा." सगळे पोट धरून हसले. आमच्यातले निवृत्त पोस्टमास्तर काका तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "तारेत असं झालं असतं तर मला मेमो आला असता." सेट उत्तम चालले होते, आवाज खणखणीत होता. निरोप मात्र पोचला नव्हता. त्या दिवसापासून आमचं शिकवणं उलटं झालं, आणि खालच्या पायऱ्या त्याच उलट्या क्रमाने लिहिल्या आहेत.

१. माणसं निवडा

यंत्रांचं वेड असलेली मुलं आपणहून येतात. त्यांना घ्याच, पण फक्त त्यांच्यावर गट उभा करू नका. आमच्याकडे सर्वांत भरवशाची माणसं निघाली ती म्हणजे पोस्टमास्तर काका, एक अंगणवाडी ताई आणि मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहिणारा एक दादा. तिघांनाही सांगितलेलं तसंच्या तसं लिहायची सवय होती. "म्हणजे त्यांना असं म्हणायचं असेल" असं मनात आणणारा माणूस कितीही हुशार असला तरी या कामाला धोकादायक.

परवाना नसलेल्यांनाही भरपूर काम असतं. निरोप लिहून घेणं, नोंदवही ठेवणं, कागद घेऊन पळणं, पोच आणणं. माईक मात्र परवानाधारकाच्याच हातात. सरावातसुद्धा "जरा बोलून बघ" म्हणून दुसऱ्याला देऊ नका.

२. परवान्याचा अर्ज आजच टाका

याला वेळ लागतो, म्हणून बाकी शिक्षण सुरू करण्याआधी अर्ज करून मोकळे व्हा. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा देते आणि अर्ज सरल संचार या पोर्टलवर करायचा असतो. वय किमान १२ पूर्ण हवं. परीक्षेचे दोन भाग असतात: मूलभूत इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडवाल्यांची कॉल साइन, म्हणजे हवेतलं ओळखनाव, व्हीयू३ ने सुरू होते, जनरलवाल्यांची व्हीयू२ ने. गावच्या कामाला रिस्ट्रिक्टेडने सुरुवात करा. २ मीटरचा बँड, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, त्यातही मिळतो.

हाताशी ठेवा:
- ओळखपत्र, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा. तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते बघा.
- फोटो आणि सही, स्कॅन केलेली.
- चालू असलेला ईमेल आणि स्वतःचा मोबाईल नंबर. सायबर कॅफेवाल्याचा नको.

स्पेलिंगचं हसण्यावारी नेऊ नका. आमच्या एका ताईंचं आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं. सगळी शक्कल लढवून झाल्यावर शेवटी आधी कागद सरळ करावे लागले. पत्त्याची पोलिसांकडून पडताळणी होते, तेव्हा मुंबईच्या खोलीचा पत्ता देऊन राहायचं गावाला असं करू नका. शुल्क आणि नियम बदलत असतात. पोर्टलवर त्या दिवशी जे लिहिलं असेल ते खरं, माझ्यासारख्याने लेखात लिहिलेलं नाही.

सापळा: हाती परवाना येण्याआधी ऑनलाइन स्वस्तातला वॉकीटॉकी मागवणं. कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलू शकणारा सेट विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे, आणि तो मासेमारीच्या किंवा पोलिसांच्या चॅनेलवर चुकून दाबला गेला तर गट सुरू व्हायच्या आधीच संपतो. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा ऑनलाइन विक्रीसाठी नियमावलीच काढली आहे.

३. बिलबुक छापून घ्या

अर्ज पडून आहे तोवर प्रेसमध्ये जा. किराणा दुकानाचं बिलबुक असतं ना, खाली कार्बन घालून दोन प्रती निघतात तसलं, त्याच आकारात निरोपाचे फॉर्म छापून घ्या. एक प्रत धावणाऱ्याकडे, एक वहीतच. सुट्या कागदांचं पावसाळ्यात काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

फॉर्मवर या जागा ठेवा: क्रमांक, प्राधान्य, मूळ केंद्र, शब्दसंख्या, ठिकाण, तारीख-वेळ. मग कोणाला, मग मजकूर, मग कोणाकडून: नाव आणि हुद्दा. तळाशी "कोणाकडून मिळाला, किती वाजता" आणि "कोणाला दिला, किती वाजता". जगभरचे हॅम ज्या रेडिओग्रामवर काम करतात त्याचा साचा साधारण हाच.

पेन नको, पेन्सिल. जेल पेनची शाई एका थेंबाने पसरते आणि बॉलपेन दमट कागदावर चालत नाही. दोन्ही टोकांना तासलेल्या पेन्सिली, प्रत्येकाच्या खिशात दोन.

प्राधान्य आम्ही चारच ठेवले आहेत: तातडीचा (जीव धोक्यात), अग्रक्रमाचा (वेळेची मर्यादा आहे), खुशालीचा, साधा. नवखा प्रत्येक निरोपावर "तातडीचा" लिहितो. त्याला एकच प्रश्न विचारायला शिकवा: हा दोन तास उशिरा पोचला तर कोणी मरेल का?

४. निरोप लिहायला शिकवा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. आम्ही पहिले चार रविवार सेटला हात लावू देत नाही. २०१३ च्या जुलैत देशातली तार बंद झाली, त्यामुळे तिशीच्या आतल्या मुलांना नेमका निरोप म्हणजे काय हेच ठाऊक नाही. व्हॉट्सॲपवर शब्दाला पैसे पडत नाहीत. काकांनी मुलांना जुन्या हिशेबाने बसवलं: पंचवीस शब्दांत सांगा, जास्तीच्या प्रत्येक शब्दाला एक रुपया डब्यात. डब्यातून दोनदा वडापाव झाले, मग हात आखडले.

तो फजितीचा निरोप आता असा लिहिला जातो:

क्रमांक १२. प्राधान्य: तातडीचा. शब्दसंख्या: १९.
"गरोदर महिला एक स्टॉप महिना आठवा स्टॉप रक्तस्राव सुरू स्टॉप रस्ता झाड पडून बंद स्टॉप रुग्णवाहिका किंवा होडी पाठवा"

आकडा वस्तूच्या नंतर येतो, आधी नाही. "आठव्या महिन्याची" असं चिकटून बोललं की घोटाळा होतो. "महिना आठवा" असं सुटं लिहिलं की होत नाही. वाक्य संपलं की "स्टॉप" म्हणायचं आणि तोही शब्द म्हणून मोजायचा, तारेत मोजत तसा.

शब्दसंख्या कशाला, असं प्रत्येक नवखा विचारतो. घेणाऱ्याने लिहून झाल्यावर शब्द मोजायचे. १९ ऐवजी १८ भरले तर काहीतरी गळलं, हे दोन्ही टोकांना लगेच कळतं. मराठीत मात्र एक खोच आहे. कोणी "शाळेजवळ" लिहितो, कोणी "शाळे जवळ". एकाचा एक शब्द, दुसऱ्याचे दोन, आणि हवेत भांडण. आमचा नियम शाळेतल्या व्याकरणाचाच आहे: शब्दयोगी अव्यय जोडून, म्हणजे एक शब्द. "पाठवून द्या" दोन. असे वीसेक वादाचे शब्द लिहून भिंतीवर चिकटवा.

मजकूर ज्याचा, शब्द त्याचे. निरोप गिचमिड असेल तर सही करण्याआधी त्या अधिकाऱ्याकडूनच सुधारून घ्या. एकदा सही झाली की शुद्धलेखनाची चूकसुद्धा आपण दुरुस्त करायची नाही. मधल्या केंद्राने तर नाहीच.

५. आकडे आणि नावं

खरखरीत "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" वेगळे ऐकू येत नाहीत. पंचवीस-पस्तीसचीही तीच गत. सात, आठ, साठ हे तर शत्रूच. म्हणून आकडा एकेक सुटा: "पाच नऊ, आकडे पाच नऊ". दीड, अडीच, पावणेदोनशे यांना पूर्ण बंदी. आमच्या हिशेबनीस दादाच्या तोंडून "अडीचशे" निघायचंच. शेवटी त्याच्या सेटवर "दोन पाच शून्य" अशी चिठ्ठी चिकटवली.

नावं फोडून सांगायला अल्फा-ब्राव्हो (A ला अल्फा, B ला ब्राव्हो) यायलाच हवं, कारण पलीकडचा हॅम हैदराबादचा असू शकतो. पण आपसात मराठी निरोप जात असेल तर अंकलिपीइतकं सोयीचं काही नाही: क कमळाचा, ण बाणाचा, ळ बाळाचा. ज्यांनी ती पहिलीत घोकली त्यांना नव्याने काही शिकवावं लागत नाही.

गावांच्या नावांचा सापळा कोकणात फार मोठा आहे. मुरुड म्हटलं तर जंजिऱ्याचं की दापोलीचं? वेळास म्हटलं तर मंडणगडातलं कासवांचं की श्रीवर्धनातलं? मधलीवाडी, खालचीवाडी, गुरववाडी तर दर दुसऱ्या गावात. ठिकाण नेहमी चार पायऱ्यांत: वाडी, गाव, तालुका, जिल्हा. कंटाळा आला तरी चारही.

६. बोलणं

याला दोन रविवार पुरतात. बटण दाबा, एक क्षण थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द बहुधा "नाही" असतो. लिहिण्याच्या वेगाने वाचा, पाच-सहा शब्दांनी "ब्रेक" म्हणून बटण सोडा. घेणाऱ्याला काही चुकलं तर "सगळं परत सांगा" म्हणायचं नाही. "'झाड' नंतरचा शब्द" एवढंच मागायचं. पूर्ण मिळाला, शब्द जुळले, तरच "क्रमांक १२ मिळाला". अर्धवट मिळाल्यावर सौजन्य म्हणून "मिळाला" म्हणणारे असतात. त्यांना तिथेच थांबवा.

कॉल साइन सुरुवातीला, शेवटी आणि लांबलं तर मध्येही. सांकेतिक भाषा चालत नाही. हॅमवर सगळं उघड असतं आणि कोणीही ऐकत असतो. म्हणूनच मृतांची नावं आवाजी जाहीर बोलू नयेत, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. आईला मुलाचं कळायचं ते शेजारच्याच्या रेडिओ ऐकायच्या स्कॅनरवरून कळू नये.

७. नेट चालवायला शिकवा

नेट म्हणजे इंटरनेट नव्हे, अनेक केंद्रांचं एकाच फ्रिक्वेन्सीवर शिस्तीने चाललेलं बोलणं. एकाच फ्रिक्वेन्सीवर दहाजण बोलायला लागले की आठवडी बाजार होतो. एक जण नियंत्रक. बाकीचे आधी हजेरी देतात, कोणाकडे किती आणि कुठल्या प्राधान्याचे निरोप आहेत ते सांगतात, मग नियंत्रक क्रम लावतो. तातडीचा आधी. दोन केंद्रांचं लांब काम असेल तर त्यांना बाजूच्या फ्रिक्वेन्सीवर पाठवतो. "हवापाणी काय म्हणतंय" वगैरे नेट संपल्यावर. नियंत्रकाची खुर्ची दर रविवारी बदला, म्हणजे प्रत्येकाला कळतं की गप्प बसणं हेही काम आहे. आमच्या अंगणवाडी ताई यात सगळ्यांच्या पुढे निघाल्या. चाळीस पोरं सांभाळणारीला आठ हॅम म्हणजे काहीच नाही.

८. सडा, खाडी आणि अँटेना

कोकणातली गावं माडापोफळींच्या सावलीत, डोंगराच्या कुशीत. २ मीटरचा हातातला ५ वॅटचा सेट घराच्या पडवीतून शेजारच्या गावातही ऐकू जात नाही, आणि तोच सड्यावर नेला तर खाडीपलीकडचा सहज लागतो. म्हणून मे महिन्यात प्रत्येक वाडीहून चालत जाऊन बघा: कुठल्या दगडावर उभं राहिलं की तहसील लागतं? नकाशावर खूण करा. रिपीटर (आपला आवाज उचलून पुढे पाठवणारं उंचावरचं यंत्र) असेल तर उत्तम, पण वादळात त्याचीही वीज जाते. सराव थेट सेट-ते-सेट करा.

सह्याद्रीच्या पलीकडे किंवा डोंगराआड बोलायचं तर ७ मेगाहर्ट्झ. अर्ध्या तरंगलांबीची तार, म्हणजे सुमारे २० मीटर, मधोमध तोडून दोन्हीकडे दहा-दहा. नवखे ती जमेल तितकी उंच टांगतात. जिल्ह्या-दोन जिल्ह्यांच्या अंतरासाठी ती मुद्दाम खाली ठेवा, तीन ते पाच मीटर. लहर सरळ वर जाते आणि वरून छत्रीसारखी खाली उतरते, मधला डोंगर आड येत नाही. दिवसा ७, रात्री गरज पडल्यास ३.५. आशिया-पॅसिफिक विभागात आपत्तीच्या बोलण्यासाठी ठरलेल्या फ्रिक्वेन्सींपैकी ७.११० आणि ३.६०० मेगाहर्ट्झ आपल्या कामाच्या आहेत. तिथे आधी ऐका.

सापळा: तार माडाला बांधणं. वादळात माड आणि पोफळीच आधी जातात, निसर्गमध्ये बागाच्या बागा आडव्या झालेल्या आपण बघितल्या आहेत. त्यापेक्षा माणगा जातीचे दोन बांबू घरी तयार ठेवा आणि वारा पडल्यावर उभे करा. वीजवाहिनीच्या जवळ काही उभं करू नका. लाइन मेलेली दिसली तरी ती कधी जिवंत होईल याचा नेम नाही. कडकडाट चालू असेल तर अँटेना काढून ठेवा.

९. पेटी

- हातातले दोन सेट, जादा बॅटऱ्या, एक सेट कोरड्या सेलच्या डब्यासह.
- १२ व्होल्टची बॅटरी. ७ अँपिअर-तासाची उचलायला हलकी, पण मोठ्या सेटला दिवसभर पुरत नाही. छोटं सोलर पॅनल घ्या, पण पावसात त्याच्यावर भिस्त ठेवू नका.
- तार, केबल, सुतळी, चिकटपट्टी, फ्यूज.
- बिलबुकं, कार्बन, पेन्सिली, टाचण्या, प्लास्टिकच्या पिशव्या.
- डोक्याला बांधायची टॉर्च. हातातल्या टॉर्चने लिहिता येत नाही.
- घड्याळ. लांबचे हॅम जागतिक वेळ सांगतात. त्यातून आपली काढायला ५ तास ३० मिनिटं मिळवा. तारखेकडे लक्ष असू द्या: आपल्या ४ तारखेच्या पहाटे २ ला तिकडे ३ तारखेची रात्र, २०:३० असते.

खाऱ्या हवेत केबलच्या जोडांवर वर्षात हिरवा थर चढतो. मी दर मे महिन्यात जोड उघडून घासतो आणि पुन्हा रबरी पट्टी गुंडाळतो. एकदा आळस केला, तर पावसाळ्यात सेट उत्तम ऐकू यायचा आणि माझं कोणालाच काही ऐकू जायचं नाही. दोन दिवस मी सेटलाच शिव्या देत होतो.

१०. सरकारी दारात आधीच जा

वादळाच्या दिवशी तहसीलमध्ये सेट घेऊन गेलात तर "तुम्ही कोण?" हाच प्रश्न येणार, आणि तो रास्तच आहे. १९७८ च्या हौशी रेडिओच्या नियमांत नैसर्गिक आपत्तीत त्रयस्थांचे निरोप नेण्याची मुभा आहे, पण ते सक्षम नागरी अधिकाऱ्याकडून निघालेले आणि तशाच अधिकाऱ्याकडे जाणारे असावेत. त्यामुळे फॉर्मवर हुद्द्याची जागा आहे. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात. त्याआधी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला पत्र द्या: परवान्यांच्या प्रती, स्वयंसेवकांची यादी, कोणत्या गावात कोण. उत्तरादाखल लेखी विनंती किंवा निदान पोच मिळवा. एका कार्यालयात आमचं पत्र तीनदा "आत" गेलं आणि तीनदा हरवलं. चौथ्यांदा आम्ही पत्राऐवजी प्रात्यक्षिक नेलं: साहेबांच्या टेबलावरून सड्यावरच्या शाळेत निरोप, पाच मिनिटांत उत्तर. मग पत्र सापडलं.

१०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर आणि ११२ लोकांना माहीत असतात. फोन चालू असेल तर फोनच वापरा. तिथे आपलं हौसेचं काम मध्ये आणायचं नाही.

११. सराव

दर रविवारी सकाळी अर्धा तास, प्रत्येकी दोन निरोप, कागदासकट. तीन महिन्यांतून एकदा मोठा: एक जण शाळेत, एक बंदरावर, एक सड्यावर, एक तहसीलच्या बाहेर. कागद माणसाच्या हाती पडून सही परत येईपर्यंत निरोप "पोचला" धरायचा नाही. संध्याकाळी दोन्ही टोकांची बिलबुकं शेजारी ठेवून शब्दाला शब्द ताडून बघा, आणि चहाबरोबर चुका मोठ्याने वाचा.

वर्षातला एक सराव जुलैत, भर पावसात घ्या. एप्रिलच्या अंगणात सगळं जमतं. आमच्या पहिल्या जुलैच्या सरावात छत्र्या धरायला माणूस कमी पडला, कार्बन लगदा झाला, आणि एका निरोपाची शेवटची ओळ काकांनी पाठीवर इरलं घेऊन उकिडवं बसून लिहिली. तेव्हापासून प्रत्येक केंद्रावर इरलंवाला एक जादा माणूस यादीत असतो.